व्हॉल्व्हचं आयडलिंग : गिटार ॲम्पमधला बायस

ट्यूब ॲम्प वापरणाऱ्या प्रत्येकाने एक वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. "ट्यूब बदलल्यात ना, मग बायस करून घ्या." दुकानदार सांगतो, बँडमधला अनुभवी गिटारिस्ट सांगतो, आणि आपण मान डोलावतो. पण बायस म्हणजे नेमकं काय करायचं, कशासाठी, आणि नाही केलं तर काय होईल, असं विचारलं की उत्तरं एकदम धूसर होतात. कुणी म्हणतं आवाज जाड होतो. कुणी म्हणतं ट्यूब जास्त टिकतात. कुणी नुसतंच म्हणतं, "करावं लागतं."

याचा फटका दोन्हीकडून बसतो. ज्या ट्यूबना बायस करायची गरजच नाही त्यांच्यासाठी लोक पैसे मोजतात, आणि जिथे खरंच गरज असते तिथे ट्यूब नुसत्या खोचून मोकळे होतात. मग कार्यक्रमाच्या मध्यावर ॲम्पमागून लालभडक उजेड दिसतो आणि जळका वास येतो. आऊटपुट ट्रान्सफॉर्मर गेला, तर खर्च ट्यूबच्या कितीतरी पट होतो, आणि जुन्या ॲम्पचा मूळ ट्रान्सफॉर्मर तर परत मिळतच नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या ॲम्पच्या आत ४०० ते ५०० व्होल्टचा डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये बराच वेळ दबा धरून राहू शकतो. घरातल्या २३० व्होल्टचा झटका खाऊन "काही झालं नाही" म्हणणारे लोक आपल्याकडे बरेच आहेत. त्या अनुभवावर इथे जाऊ नका. ज्यांनी उच्च व्होल्टेजवर कधी काम केलेलं नाही, त्यांनी आजचं बोलणं समजून घेण्यासाठी ऐकावं आणि काम जाणकाराकडून करून घ्यावं.

तर व्हॉल्व्ह. आपल्या घरातली ज्येष्ठ मंडळी 'व्हॉल्व्हचा रेडिओ' म्हणायची, तोच हा व्हॉल्व्ह. बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही, आधी आतले दिवे तापायचे, मग हळूहळू बातम्या ऐकू यायच्या. बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह आपल्या देशातही बनवले. ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओतून व्हॉल्व्ह गेला, पण गिटार ॲम्पमध्ये तो तग धरून राहिला. इंग्रजांनी त्याला व्हॉल्व्ह म्हटलं, अमेरिकनांनी ट्यूब. मी दोन्ही शब्द वापरणार आहे, कारण आपल्या बोलण्यात दोन्ही रुळलेत. खरं सांगायचं तर व्हॉल्व्ह हा शब्द जास्त नेमका आहे. व्हॉल्व्ह म्हणजे झडप, आणि हे काम झडपेचंच आहे.

काचेच्या आत हवा नाही. मधोमध कॅथोड नावाची बारीक नळी, तिला आतून तापवणारी तार. बाहेरच्या बाजूला प्लेट, म्हणजे धातूचं कवच, त्याच्यावर चारशे-साडेचारशे व्होल्ट धन दाब. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ते ऋण असतात, त्यामुळे धन प्लेटकडे धावत सुटतात. वाटेत, कॅथोडच्या अगदी जवळ, बारीक तारेची एक जाळी गुंडाळलेली असते. ती ग्रिड. ग्रिडला कॅथोडपेक्षा ऋण केलं की ती इलेक्ट्रॉनना मागे ढकलते. जास्त ऋण केलं की करंट कमी, कमी ऋण केलं की करंट जास्त. खूपच ऋण केलं की करंट पूर्ण बंद. गिटारचा सिग्नल या ग्रिडवर येतो आणि तिथे दाब थोडा खाली-वर करतो. त्या छोट्या हालचालीच्या तालावर प्लेटचा मोठा करंट नाचतो. वर्धन म्हणजे एवढंच. पॉवर ट्यूबमध्ये आणखी एकदोन जाळ्या असतात. त्यातली स्क्रीन नावाची जाळी पुढे हिशोबात डोकावणार आहे, म्हणून तिचं नाव लक्षात ठेवा.

आता मुख्य प्रश्न. तुम्ही गिटार वाजवत नाही आहात, ॲम्प चालू आहे, सिग्नल शून्य आहे. अशा वेळी ट्यूबमधून किती करंट वाहायला हवा? हा करंट ठरवणं म्हणजे बायस. त्यासाठी ग्रिडला कॅथोडच्या तुलनेत जो कायमचा ऋण दाब दिलेला असतो, तो बायस व्होल्टेज.

कार्ब्युरेटरवाली मोटरसायकल ज्यांनी चालवली आहे त्यांची ट्यूब इथे लगेच पेटेल. गॅरेजवाला कार्ब्युरेटरचा एक छोटा स्क्रू फिरवून आयडलिंग बसवतो. फार कमी ठेवलं तर सिग्नलला गाडी बंद पडते, आणि निघताना ॲक्सिलरेटर दिला की गुदमरते. फार जास्त ठेवलं तर गाडी उभ्या उभ्या घोंघावते, पेट्रोल पिते, इंजिन तापतं. बायस हे ट्यूबचं आयडलिंग आहे. तुलना इथवरच ताणू या. फरक असा की गाडीचं इंजिन जोरात चालवलं की जास्त तापतं, पण ट्यूब स्वस्थ बसलेली असतानाही अडचणीत येऊ शकते. ते कसं, ते पुढे.

बहुतेक मोठ्या ॲम्पमध्ये पॉवर ट्यूब जोडीने काम करतात. दोन किंवा चार. याला पुश-पुल म्हणतात. लाकडाच्या वखारीत दोघे जण मिळून ओढायची मोठी करवत पाहिली असेल. एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो, मग दुसरा ओढतो. ध्वनिलहरीचा वरचा भाग एक ट्यूब ओढते, खालचा भाग दुसरी. आऊटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही अर्धे जोडून स्पीकरला देतो. यात फायदा असा की एकीचं काम चालू असताना दुसरीला विश्रांती मिळते, त्यामुळे तेवढ्याच ट्यूबमधून जास्त वॅट निघतात.

पण करवतीच्या कामात नाजूक क्षण कोणता? हातबदल. एकाने ओढणं संपवलं आणि दुसऱ्याने अजून सुरू केलं नाही, तर करवत अडकते. ॲम्पमध्ये हा क्षण लहर शून्यावरून जाते तेव्हा येतो. बायस फार ऋण असेल, म्हणजे आपल्या भाषेत 'थंड' असेल, तर त्या क्षणी दोन्ही ट्यूब जवळपास बंद असतात. ऑसिलोस्कोपवर लहर शून्याजवळ मोडलेली दिसते, जिन्यात एखादी पायरी असावी तशी. तिला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. कानाला ते कसं लागतं? आवाज पातळ, कोरडा, काचेवर वाळू घासल्यासारखा. गंमत म्हणजे हळू वाजवताना जास्त कळतं, कारण लहान लहरीत त्या पायरीचा वाटा मोठा असतो. स्वर विरत जाताना शेवटी एक खरखर राहते. ओव्हरड्राइव्हची ऊब वेगळी आणि ही खरखर वेगळी, एकदा फरक ऐकला की विसरत नाही.

यावर उपाय म्हणजे दोघांनाही शून्याजवळ थोडं थोडं ओढत ठेवायचं. म्हणजे निवांत असतानाही काही करंट वाहता ठेवायचा, म्हणजे हातबदल गुळगुळीत होतो. लहान आवाजात दोघी सतत जाग्या, मोठ्या आवाजात आळीपाळीने पूर्ण बंद. याला क्लास एबी म्हणतात, आणि जगातले बहुतेक मोठे गिटार ॲम्प याच वर्गात बसतात.

मग सरळ खूप करंट का ठेवू नये? कारण उष्णता. प्लेटवरचं व्होल्टेज गुणिले प्लेटचा करंट म्हणजे वॅट. सिग्नल नसताना हे सगळे वॅट स्पीकरकडे न जाता प्लेटच्या धातूत उष्णता बनून राहतात. प्रत्येक ट्यूबला याची एक मर्यादा असते आणि ती उत्पादकाच्या माहितीपत्रकात छापलेली असते. ईएल३४ ला २५ वॅट. ६एल६जीसी ला ३० वॅट. ६व्ही६ आणि ईएल८४ ला प्रत्येकी १२ वॅट. मर्यादा खूप ओलांडली की प्लेट लाल होते. याला रेड प्लेटिंग म्हणतात. नव्या माणसाला ट्यूबमधला नारिंगी उजेड बघून धास्ती वाटते. तो आतल्या तापणाऱ्या तारेचा असतो आणि असायलाच हवा. चिंतेचा लाल वेगळा. बाहेरच्या करड्या-काळ्या धातूच्या कवचावर, बहुधा मधोमध, मंद लाल डाग उमटतो आणि पसरत जातो. तो दिसला की गाणं पूर्ण करायचं नाही, ॲम्प तिथेच बंद करायचा. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसते, तिची काळजी करू नका, ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. मात्र आतल्या भागांच्या मधोमध जांभळा-गुलाबी धूसर उजेड दिसला तर ट्यूबमध्ये वायू शिरला आहे. ती ट्यूब काढून टाका.

आता हा ऋण दाब द्यायचा कसा? दोन पद्धती आहेत, आणि माझ्या मते बायसमधला सगळा रस इथेच आहे.

पहिली पद्धत, कॅथोड बायस. ग्रिड शून्य व्होल्टवर ठेवायची आणि कॅथोडच्या खाली एक रोधक लावायचा. ट्यूबचा करंट त्या रोधकातून गेला की कॅथोड काही व्होल्ट वर उचलला जातो. कॅथोड वर गेला म्हणजे ग्रिड त्याच्या तुलनेत आपोआप ऋण झाली. वेगळा ऋण पुरवठा लागतच नाही. शिवाय ही पद्धत स्वतःला सावरते. शेतातल्या डिझेल इंजिनाला गव्हर्नर असतो ना, वेग वाढला की तोच डिझेल कमी करतो, तसं. ट्यूब जास्त करंट ओढायला लागली की कॅथोड आणखी वर जातो, ग्रिड तुलनेने आणखी ऋण होते, करंट आवरला जातो. म्हणून अशा ॲम्पमध्ये त्याच जातीची नवी ट्यूब लावली तर सहसा काही फिरवायला लागत नाही, आणि बऱ्याचदा फिरवायला काही नसतंच.

फेंडरचा छोटा चॅम्प घ्या, १९५० च्या दशकातला ५एफ१. एकच ६व्ही६, कॅथोडखाली ४७० ओहमचा रोधक. समजा तिथे मीटरवर १९ व्होल्ट मिळाले. १९ भागिले ४७० म्हणजे ४० मिलिअँपिअर. त्यातले दोनएक मिलिअँपिअर स्क्रीनचे. राहिले ३८. प्लेट आणि कॅथोड यांच्यात ३०० व्होल्ट असतील तर ११.४ वॅट. मर्यादा १२ ची! म्हणजे हा ॲम्प नुसता बसलेला असतानाच ट्यूब जवळजवळ पूर्ण ताकदीने तापते आहे. पण एकट्या ट्यूबला असंच चालावं लागतं. लहरीचे दोन्ही भाग तिलाच ओढायचे आहेत, तेव्हा तिने मध्यावर उभं राहायला हवं. हा खरा क्लास ए.

व्हॉक्सचा एसी३० हे दुसरं प्रसिद्ध उदाहरण. चार ईएल८४, चौघींना मिळून एकच छोटा कॅथोड रोधक. शॅडोज आणि बीटल्स यांच्यामुळे १९६० च्या दशकात तो घरोघरी पोचला. जाहिरातीत आणि चर्चांमध्ये त्याला सर्रास 'क्लास ए' म्हणतात. मला ते पटत नाही, आणि त्यासाठी साधा हिशोब पुरतो. चार ट्यूब, प्रत्येकी १२ वॅट, एकूण ४८. क्लास ए मध्ये जास्तीत जास्त निम्मे वॅट स्पीकरकडे जाऊ शकतात, तेही कागदावर. म्हणजे मर्यादेत राहून २४. मग ३० येतात कुठून? पूर्ण आवाजात तो क्लास एबी मध्ये जातो म्हणून, आणि त्या ट्यूबना मर्यादेपलीकडे तापवलेलं असतं म्हणूनही. एसी३० वाल्यांच्या ईएल८४ लवकर संपतात, त्याचं कारण हेच. त्या आवाजाची किंमत आहे ती, आणि अनेकांना ती मंजूर असते.

कॅथोड बायसचा आवाजावरही परिणाम होतो. जोरात वाजवलं की सरासरी करंट वाढतो, कॅथोड वर चढतो, ट्यूब क्षणभर थंड होते, आवाज दबतो आणि मग सावकाश उमलतो. बोटांना तो थोडा मऊ लागतो. ब्लूज वाजवणाऱ्यांना हे आवडतं. घट्ट, तुटक रिदम वाजवणाऱ्यांना बहुधा नाही.

दुसरी पद्धत, फिक्स्ड बायस. इथे कॅथोड सरळ जमिनीला जोडतात आणि ग्रिडला वेगळ्या छोट्या पुरवठ्यातून ऋण दाब देतात. ईएल३४ ला साधारण उणे ३५ ते ४०, ६एल६जीसी ला उणे ४५ ते ५०, प्लेटच्या व्होल्टेजप्रमाणे कमी-जास्त. या नावाने फार गोंधळ घातला आहे. 'फिक्स्ड' म्हणजे बदलता न येणारा, असं वाटतं. तसं नाही. ट्यूब किती करंट ओढते याच्यावर हा दाब अवलंबून नाही, एवढाच अर्थ. तो बदलायला अनेक ॲम्पमध्ये एक छोटा प्रीसेट दिलेला असतो. म्हणजे ज्याला 'फिक्स्ड' म्हणतात तोच फिरवावा लागतो, आणि ज्याला तसं म्हणत नाहीत तो फिरवता येत नाही. नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं!

इतिहासात तीन प्रकार दिसतात. फेंडरचा बासमन ५एफ६-ए, म्हणजे १९५० च्या दशकाच्या शेवटचा, यात ऋण पुरवठा होता पण प्रीसेट नव्हता, ठरावीक रोधक लावलेले होते. याच सर्किटवरून लंडनमधल्या जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये जेटीएम४५ तयार झाला, आणि त्यातून पुढचं सगळं मार्शल घराणं. नंतरच्या मार्शलमध्ये प्रीसेट आला. १९६० च्या दशकातल्या काळ्या पॅनेलच्या फेंडरमध्येही तो होता. पुढे चंदेरी पॅनेलच्या अनेक मॉडेल्समध्ये फेंडरने त्याच्या जागी 'बॅलन्स' नावाचा प्रीसेट दिला. तो दोन ट्यूबमधला समतोल साधतो, एकूण करंट फारसा बदलत नाही. असा ॲम्प हातात आला तर तो स्क्रू फिरवून "बायस झाला" असं समजू नका. तिसरा प्रकार मेसा बूगीचा. बदलता न येणारा फिक्स्ड बायस, आणि त्याला जुळणाऱ्या, रंगाच्या खुणा केलेल्या ट्यूब.

फिक्स्ड बायसला गव्हर्नर नाही. ऋण पुरवठा गेला तर ट्यूबला आवरणारं कुणी उरत नाही आणि ती काही सेकंदांत लाल होते. हा पुरवठा अगदी साधा असतो, एक डायोड, एकदोन कपॅसिटर, दोनचार रोधक. माझ्या बेंचवर लाल ट्यूबची तक्रार घेऊन येणाऱ्या जुन्या ॲम्पमध्ये मी सर्वात आधी हे कपॅसिटर बघतो. पंचवीस-तीस वर्षांत ते वाळतात. दुसरा संशयित म्हणजे पॉवर ट्यूबच्या ग्रिडकडे सिग्नल आणणारा कपलिंग कपॅसिटर. तो गळका झाला की आधीच्या टप्प्यातला धन दाब थोडा थोडा ग्रिडवर येतो आणि बायस खाऊन टाकतो. नवी महागडी जोडी लावूनही एकच ट्यूब लाल होत असेल, तर दोन ट्यूबची जागा अदलाबदल करून बघा. लाली ट्यूबबरोबर गेली तर दोष ट्यूबचा. त्याच सॉकेटला राहिली तर दोष ॲम्पचा, आणि मग आणखी नवी ट्यूब आणणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं.

आता मोजमाप. पद्धत अशी की प्रत्येक पॉवर ट्यूबच्या कॅथोड आणि जमीन यांच्यामध्ये १ ओहमचा रोधक लावलेला असतो किंवा लावून घ्यायचा. १ ओहमवर १ मिलिअँपिअर गेला की १ मिलिव्होल्ट दिसतो, त्यामुळे मीटरचा आकडा म्हणजेच करंट. ज्यांना सोल्डरिंग नको त्यांच्यासाठी ट्यूब आणि सॉकेट यांच्यामध्ये बसणारे बायस प्रोब मिळतात. स्पीकर जोडलेला हवाच. स्पीकरशिवाय ट्यूब ॲम्प चालू करणं म्हणजे आऊटपुट ट्रान्सफॉर्मरशी जुगार. व्हॉल्यूम शून्यावर. दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. मग प्लेटचं व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजा.

उदाहरण करू. ईएल३४ ची जोडी, प्लेटवर ४६० व्होल्ट. मर्यादा २५ वॅट. क्लास एबी मध्ये निवांत स्थितीत मर्यादेच्या ७० टक्क्यांपर्यंत जायचं असा रिवाज आहे. २५ चे ७० टक्के म्हणजे साडेसतरा वॅट. १७.५ भागिले ४६० म्हणजे ०.०३८, अर्थात ३८ मिलिअँपिअर. पण कॅथोडच्या रोधकातून स्क्रीनचा करंटही जातो, ईएल३४ मध्ये साधारण ४-५ मिलिअँपिअर. म्हणून मीटरवर ४२-४३ दिसले की प्लेटचे ३८ झाले. प्रीसेट फिरवल्यावर प्लेटचं व्होल्टेजही थोडं हलतं, म्हणून ते परत मोजून एकदा पुन्हा हिशोब करायचा.

७० टक्के हा आकडा लोक देववाणीसारखा सांगतात. ती वरची हद्द आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. ५५ ते ६५ मध्ये बहुतेक ॲम्प छान वाजतात आणि ट्यूब निवांत जगतात. मी प्रीसेट खालून वर आणत जातो, गिटारिस्टला वाजवायला लावतो, आणि खरखर जाऊन आवाज भरला की थांबतो. पुढे चढवत गेलं तर दरवेळी फायदा कमी आणि उष्णता जास्त. स्कोपवर पायरी नाहीशी होईपर्यंत चढवत राहायची एक जुनी पद्धत आहे. ती मी सुचवत नाही. तिच्यात करंट किती झाला हे कुणीच पाहत नाही, आणि बऱ्याचदा ट्यूब हद्दीबाहेर गेलेली असते.

७० पेक्षा खाली राहण्याचं आपल्याकडे एक खास कारण आहे, ते म्हणजे वीज. आपला पुरवठा कागदावर २३० व्होल्ट. प्रत्यक्षात रात्री उशिरा, भार कमी झाला की काही भागांत तो २५० पर्यंत चढतो, आणि संध्याकाळी २०० वर येतो. ॲम्पमधली सगळी व्होल्टेज त्याच प्रमाणात हलतात. फिक्स्ड बायसचा ऋण दाबही वाढतो, त्यामुळे थोडी भरपाई होते, पण पूर्ण नाही. ट्यूबमधला करंट व्होल्टेजच्या दीडव्या घाताने वाढतो, आणि वॅट म्हणजे करंट गुणिले व्होल्टेज, तेव्हा ते अडीचव्या घाताने. २३० चे २५० झाले म्हणजे पावणेनऊ टक्के वाढ. अडीचवा घात काढला तर वॅट सुमारे २३ टक्क्यांनी वाढतात. म्हणजे दुपारी बेंचवर ७० टक्क्यांवर बसवलेली ट्यूब रात्री ८६ टक्क्यांवर. उलट २०० व्होल्टला तीच ट्यूब ४९ टक्क्यांवर, आणि गिटारिस्ट म्हणतो, "आज ॲम्प मेल्यासारखा वाजतोय." त्याच्या कानाचा दोष नाही. हा हिशोब ढोबळ आहे, पण दिशा पक्की आहे. म्हणून बायस करताना भिंतीतलं व्होल्टेज मोजून कागदावर लिहून ठेवा, आणि दौऱ्यावर जात असाल तर चांगला स्टॅबिलायझर बरोबर ठेवा. जनरेटरवर वाजवणार असाल तर आधी मीटर लावा, मग ॲम्प.

परदेशातून १२० व्होल्टचा ॲम्प आणला असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवर काय लिहिलंय ते बघा. बाजारात अनेकदा ११० वाला मिळतो. त्यावर ६.३ व्होल्टची तापणारी तार ५.८ वर चालते आणि सगळाच ॲम्प सुस्तावतो. तसंच फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, तेही हाताने तपासत राहा.

प्रीॲम्पच्या छोट्या ट्यूबबद्दल थोडक्यात. १२एएक्स७ बदलली तर बायस करायचा नसतो. तिथे कॅथोड बायस असतो, साधारण दीड किलोओहमचा रोधक, एक मिलिअँपिअरच्या आसपास करंट. काढा, दुसरी लावा, वाजवा. त्यासाठी कुणी बायसचे पैसे मागितले तर हसून नमस्कार करा. मात्र प्रीॲम्पमध्ये बायसचा वापर रंगासारखा केलेला आहे. मार्शलचा २२०३, म्हणजे जेसीएम८०० घराण्यातला १०० वॅटचा, त्यात एका टप्प्याच्या कॅथोडखाली चक्क १० किलोओहम आहेत. म्हणजे ती ट्यूब मुद्दाम गारठवून ठेवली आहे. लहरीची एक बाजू ती लगेच कापते आणि दुसरी जाऊ देते. १९८० च्या दशकातल्या हार्ड रॉकचा तो करकरीत, दाणेदार आवाज बराचसा इथून येतो. सोल्डानोच्या एसएलओ मध्ये तर त्या जागी ३९ किलोओहम. पॉवर ट्यूबमध्ये ज्या थंडीला आपण दोष म्हटलं, तीच इथे मसाला झाली.

आलेल्या प्रश्नांतले दोन घेतो. इंदूरहून एका श्रोत्याने विचारलंय, "जुळलेली जोडी घेतली तरी बायस लागतो का?" हो. जुळलेली म्हणजे त्या दोघी एकमेकींशी जुळतात, तुमच्या ॲम्पशी नव्हे. एक जोडी उणे ३८ ला ३५ मिलिअँपिअर ओढेल, दुसरी जोडी त्याच दाबाला ४५. फिक्स्ड बायसमध्ये हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

दुसरा प्रश्न हैदराबादहून. "माझ्या ॲम्पमध्ये ६एल६ आहेत, ईएल३४ लावल्या तर चालेल का?" नुसत्या खोचून नाही. ईएल३४ ला कमी ऋण दाब लागतो, तेव्हा ६एल६ साठी बसवलेल्या उणे ४८ वर ती थंडगार पडेल. हे निदान सुरक्षित तरी आहे. उलट केलंत, ईएल३४ च्या उणे ३८ वर ६एल६ लावलीत, तर ती लाल होईल. शिवाय ईएल३४ ची आतली तार दीड अँपिअर घेते आणि ६एल६ ची ०.९, तेव्हा तुमच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला तो जादा भार पेलतो का ते आधी बघायला हवं. आणखी एक, ईएल३४ ची आठ क्रमांकाची पिन कॅथोडची आणि एक क्रमांकाची वेगळ्या जाळीची असते. त्या दोन्ही जोडलेल्या लागतात. अनेक ॲम्पमध्ये सॉकेटवर त्या जोडलेल्या नसतात, आणि काही जुन्या फेंडरमध्ये तर एक क्रमांकाच्या पिनवर भलताच रोधक टेकवलेला असतो. टेक्निशियनकडे जाल तेव्हा तीन आकडे मागा, प्लेटचं व्होल्टेज, प्रत्येक ट्यूबचा करंट, आणि त्या वेळी भिंतीत किती व्होल्ट होते तो. ते एका चिठ्ठीवर लिहून ॲम्पच्या मागच्या फळीला आतून चिकटवा. पुढच्या वेळी ट्यूब बदलणारा, मग तो कुणीही असो, तिथूनच सुरुवात करील.